आईच्या वाट्याचा सूर

बारकीला आता नातवंडं झाली आहेत, गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही. तरी घरादारात तिचं नाव बारकीच. सुताराची धाकटी म्हणून एकदा बारकी झाली ती झालीच. दिवेलागणीला मुलांचा गलका जरा थांबला की तिचं मन हटकून जुन्या घरात जाऊन बसतं. पुढे बाबांची कामाची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या चौकटीला दारच नाही. लोकांची दारं करता करता बाबांचा जन्म गेला, पण स्वतःच्या घराचं दार करायला त्यांना काही सवड झाली नाही. त्यामुळे रंध्याचा भुसा उडून सरळ चुलीवरच्या सुपात पडायचा आणि आई करवादायची. त्या भुशाचा वास बारकीच्या नाकातून अजून गेलेला नाही.

त्या घरात गाणं कामासारखं वाटून दिलेलं होतं. पाणी कोणी भरायचं, लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं कोणी घासायचं हे जसं ठरलेलं, तसंच संध्याकाळच्या प्रार्थनेत कोणी कुठला आवाज धरायचा हेही. आईचा पहिला, बारकीचा दुसरा, दादाचा तिसरा आणि बाबांचा खर्ज. चार आवाजांसाठी देवाने बरोबर चार माणसं पाठवली, असं बाबा कौतुकाने म्हणत. शेजारी म्हणत, सुतारच तो, माप घेतल्याशिवाय मुलं तरी कशी करील.

आता पहिला आवाज म्हणजे गाण्याची खरी चाल. रस्त्याने जाणारा माणूस जी ऐकून गुणगुणत पुढे जातो ती. बाकीचे तिघे तिच्या खालून चालणार. त्यातही खर्जाला भारदस्तपणा असतो, तिसऱ्याला अधूनमधून एखादी गिरकी मिळते. दुसऱ्याच्या नशिबी काहीच नाही. दोनतीन सुरांत वर-खाली करत भिंत धरून चालल्यासारखं चालायचं. बारकीला याचा भारी राग. आपल्या वाट्याला गाणं आलंच नाही, नुसता गाण्याचा उपास आला, म्हणून ती लहानपणी रडायची. बाबा तिला अर्धवट खुर्ची उलटी करून दाखवायचे. पायातली खाच आणि तिच्यात बसणारं आडव्या दांडीचं कुसू, दोन्ही आत, दोन्ही कोणाला दिसत नाहीत. कुसवाला खाच व्हावंसं वाटलं तर बसणाऱ्याचं काय होईल, असं विचारायचे. बारकीला हसू यायचं आणि रडं तिथेच राहायचं.

नियम मात्र कडक. दुसऱ्या कोणाच्या आवाजाला तोंड लावायचं नाही, अगदी भांडी पुसतानासुद्धा नाही. बारकीने चुकून आईची चाल गुणगुणायला घेतली की कामाच्या खोलीतून रंधा थांबायचा आणि आवाज यायचा, "ते तुझं नाही." शेजारणीचा कंगवा वापरताना पकडल्यासारखी ती ओशाळायची. एकमेकांच्या सुरावर रेलण्याची सवय लागली की चारांचे दोन होतात आणि दोनाचा एक, असं बाबांचं मत होतं. ते मत चुकीचं होतं असं नाही. पण त्या मताची किंमत पुढे काय पडणार आहे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

चर्चमधली गीतं सगळे गायचेच, पण घरातलं संध्याकाळचं गीत वेगळं होतं. ते आईने माहेरून आणलेलं. तिचे वडील नावाडी होते. शेवटची फेरी मारून नाव बांधताना म्हणायला त्यांनी ते स्वतःपुरतं केलं होतं. कुठल्या पुस्तकात नाही, कोणाला ठाऊक नाही. 'तुझ्या हाती दिला दिवस, जसा होता तसा,' अशी त्याची सुरुवात. लग्न झाल्यावर बाबांनी रंधा मारता मारता त्याला खालचे तीन आवाज बसवले. त्यांना लिहिलेले सूर वाचता येत नव्हते. लाकूड ठोकून बघावं तसा एकेक सूर त्यांनी ठोकून बघितला आणि जिथे नीट बसला तिथे ठेवला. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. शेवटचा सदरा घडी करून ठेवला की ती आपली आपण सुरू व्हायची आणि बाकीचे तिघे हातातलं टाकून तिच्या मागे.

दादा मोठा झाला आणि जहाजावर नोकरीला गेला. सुरुवातीला भेटवस्तू आल्या, निरोप आले, मग जहाज बदललं, बंदर बदललं आणि निरोपही आटले. तिसरा आवाज घरातून गेला. बारकी बाटल्या धुण्याच्या कारखान्यात लागली. दिवसभर पाय ओले, हात ओले, वर वाफ आणि खाली गार फरशी. एका थंडीत खोकला लागला तो काही केल्या हटेना, आणि एके सकाळी रुमालावर लाल डाग दिसला. आईने तो रुमाल मुठीत दाबला आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मान हलवली आणि डोंगरावरच्या इस्पितळात खाट आहे का ते बघतो म्हणाले.

त्या काळी क्षयावर औषध म्हणजे हवा, विश्रांती आणि नशीब. त्यांतलं पहिलं डोंगरावर फुकट होतं. लांबच लांब व्हरांडा, लोखंडी खाटा, उशाशी थुंकायला झाकणाचा मग, तोंडात थर्मामीटर. उठायचं नाही, हसायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. गाणं तर नावच काढायचं नाही. छातीला आराम हवा. वॉर्डाच्या हेडबाईंची चप्पल वाजली की खोकणारीसुद्धा खोकला गिळायची. रविवार ओळखायचा तो अंड्यावरून. त्या दिवशी नाश्त्याला उकडलेलं अंडं मिळायचं. चर्चची घंटा तिथवर पोचत नव्हती. भेटायला येणाऱ्यांना फाटकाबाहेर उभं करत, आणि आतला माणूस पायऱ्यांवरून त्यांच्याशी बोलत असे. पाळकसाहेब एकदा आले. फाटकाबाहेर वाऱ्यात उभे राहून त्यांनी प्रार्थना केली, तिचे अर्धे शब्द वाऱ्याने पळवले. पुढे त्यांना चढ झेपेना. त्यांच्या जागी आलेल्या तरुण पाळकांना डोंगरावर आपली कोणी आहे हे कोणी सांगितलंच नसावं. बारकी त्यांना दोष देत नाही. पण चर्चच्या मंडळीतलं आपलं नाव हळूहळू पुसट होत चाललंय, हे तिला खाटेवर पडल्या पडल्या कळत होतं आणि ते लागत होतं.

म्हणून ती पांघरुणात तोंड खुपसून संध्याकाळचं गीत म्हणायची. अगदी हलक्या आवाजात, ओठांतल्या ओठांत. आपला दुसरा. घरी आई आता सदरा घडी करून ठेवत असेल, बाबा रंधा ठेवत असतील, असं धरून ती बरोबर त्या वेळेला सुरू व्हायची. वरचा सूर आईचा, तो तिकडे चालू असणारच. ऐकू येत नसला म्हणून काय झालं. आपण आपलं धरलं की तिकडे बसतं, इतका सरळ तिचा विश्वास होता. देवाबद्दलही तेवढाच सरळ होता.

आणि मग एक दिवस, भेटीचा वार नसताना, बाबा फाटकाशी दिसले. टोपी हातात.  इतक्या लांबून ओरडून सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती, म्हणून हेडबाईंनी तिला फाटकाच्या गजांपर्यंत जाऊ दिलं. बाबांच्या नखांत लाकडाचं पॉलिश होतं. आईला ताप आला, अंगावर काढला आणि आठवडाभरात ती गेली, असं त्यांनी सांगितलं. बारकीला खाली न्यायला डॉक्टर परवानगी देईनात म्हणून माती देऊनच ते वर आले होते.

"तिची पेटी मीच केली," ते म्हणाले. "सांधे चांगले बसले."

 ते उतरून जाईपर्यंत बारकी गज धरून उभी राहिली, आणि हेडबाईंनी एकदाही तिला हाक मारली नाही.

त्या संध्याकाळी तिला आईची चाल गावीशी वाटली. आता 'ते तुझं नाही' म्हणायला कोण होतं? तिने तोंड उघडलं आणि बाहेर आला तो दुसरा आवाज. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. पहिले दोन सूर आईच्या वाटेने जायचे आणि तिसऱ्याला जीभ आपोआप घसरून आपल्या रुळावर यायची. जन्मभर कानांनी ऐकलेली चाल, पण तोंडाने एकदाही म्हटलेली नाही. आईचा आवाज तिला आठवत होता, त्यातला खरखरीतपणा आठवत होता, तिसऱ्या ओळीत तो वर चढायचा तेव्हा बाबा डोळे मिटायचे तेही आठवत होतं. फक्त तो कुठून कसा चढायचा, एवढंच हाती लागत नव्हतं. पकडायला जावं तो तिचा स्वतःचा सूर मध्ये येऊन उभा राही. आई गेली ती चाल घेऊन गेली.

मग बारकीने गाणं बंद केलं. आणि खरं सांगायचं तर प्रार्थनाही. वर कोणी गात असेल या भरवशावर आपण खालून चालत होतो. वर कोणी नाही, हे आता तिला कळून चुकलं होतं. हे ती आईबद्दल म्हणत होती की देवाबद्दल, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोघांवर तिचा सारखाच राग होता. बाबांवर तर त्याहून जास्त. असले कसले नियम, की माणूस गेलं की त्याचा आवाजसुद्धा मागे उरू नये? रविवारचं अंडं ती शेजारच्या खाटेवर सरकवून द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

थंडी सरत आली तेव्हा बाबा पुन्हा आले. बारकीने ख्यालीखुशाली विचारली नाही की काही नाही. पायऱ्यांवरूनच म्हणाली, "बाबा, आईचा आवाज म्हणून दाखवा. मला येत नाहीये."

बाबांनी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि तोंड उघडलं. बाहेर आला तो खर्ज. ते थांबले. पुन्हा सुरू झाले; पुन्हा खर्ज. स्वतःच्या नियमात ते स्वतःच असे चिणले गेले होते, की बायकोसोबत हजारदा गायलेलं गीत त्यांना तिच्या बाजूने माहीतच नव्हतं. तिसऱ्या वेळी मात्र खर्ज तसाच पुढे चालू राहिला, कारण सुरू केलेलं गीत मध्ये सोडायचं नसतं हाही त्यांचाच नियम. आणि बारकीला राग होता, तरी तिला राहवेना. तिने दुसरा धरला. फाटकाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. दाराची चौकट उभी असावी आणि दारच नसावं, तसं ते गाणं झालं. दूधवाला सायकल थांबवून दोघांकडे पाहत राहिला. त्याला बहुधा दोघंही वेडी वाटली असतील.

बाबा निघताना एवढंच म्हणाले, की ते घरी रोज म्हणतात. एकटेच, खर्ज. बारकीने विचारलं, कशाला? ते म्हणाले, "सवय म्हण, हट्ट म्हण. ऐकणारा आहे असं धरून म्हणतो." आणि टोपी घालून उतरणीला लागले.

बारकीचं मन लगेच पालटलं असं कोणी समजू नये. तिचा हट्टही बापाचाच होता. तिला पुन्हा गायला लावलं ते शेजारच्या खाटेवरच्या शिंपीणमावशीने. ही बाई देवाधर्माच्या वाटेला कधी गेली नव्हती. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती. डॉक्टरांच्या कोटाची शिवण वाकडी आहे, हे ती त्यांना तोंडावर सांगायची. एका संध्याकाळी ती पांघरुणातून म्हणाली, की तुझी ती पुटपुट बंद झाल्यापासून मला झोप लागत नाही. बारकीने सांगितलं की ते गाणं नव्हतंच, गाण्याचा एक तुकडा होता. खरी चाल आता कोणालाच येत नाही. मावशी म्हणाली, गाण्यातला तुकडा कुठला आणि आख्खा तागा कुठला, मला कुठे कळतंय, तू आपली म्हण. आजारी माणसाचं मन मोडू नये म्हणून बारकी म्हणू लागली. पहिल्या दिवशी नुसतं तोंडदेखलं. मग जरा नीट. मग रोज.

मावशीने हळूहळू तो दुसरा आवाज उचलला. पलीकडच्या खाटेने मावशीकडून उचलला. महिन्याभरात निम्म्या वॉर्डाला तो येत होता, आणि सगळ्यांची समजूत अशी की गाणं ते हेच. दोनतीन सुरांवर भिंत धरून चालणारं ते कंटाळवाणं गाणं बायका मोठ्या भक्तिभावाने कुजबुजायच्या. बारकीला हसू यायचं, तरी ती त्यांच्याबरोबर म्हणायची. एकदा हेडबाई मध्येच येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. हेडबाई म्हणाल्या की कोपऱ्यातली फार जोर लावते, तिने जरा दमाने घ्यावं. आणि चप्पल वाजवत निघून गेल्या.

एक दिवस मावशीने बारकीला सरळच विचारलं. "तुझ्या देवाने तुझी आई नेली, तुला इथे आणून टाकलं, आणि तू रोज संध्याकाळी दिवस त्याच्याच हाती देतेस. मला काही हा व्यवहार कळला नाही."

"मलाही कळला नाही, मावशी," बारकी म्हणाली. "पण त्याला नाही दिला तर ठेवू कुठे?"

हे उत्तर तिने ठरवून दिलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं. त्या रविवारी बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःचं अंडं स्वतः खाल्लं. खाण्याआधी डोळे मिटून चार शब्द म्हटले, आणि ते कोणाला म्हणतोय याची तिला लाज वाटली नाही.

मावशीच्या डोक्यात मात्र ती हरवलेली चाल घर करून बसली होती. अंथरुणाला खिळलेल्या शिंपिणीला दुसरं काम तरी काय. ती म्हणाली, "हे तुझं अस्तर आहे, बारके. अस्तर हातात असलं की वरचं कापड कुठे रुंद आणि कुठे निमुळतं होतं, त्याचा अंदाज येतो." आणि तिने खरोखरच बेतायला घेतलं. बारकीने खालून दुसरा धरायचा आणि मावशीने वरून काहीतरी लावून बघायचं. टोचलं की उसवायचं, पुन्हा लावायचं. आईची चाल कशी होती हे बारकीला सांगता येत नव्हतं, पण ती कशी नव्हती हे बरोबर सांगता येई. नको, असं नाही, हं, इथे जवळ आलात, नाही, नाही. दिवस गेले, आठवडे गेले. पहिली ओळ जमली. दुसरी जमली. तिसऱ्या ओळीत आई वर जायची, एवढं बारकीला पक्कं आठवत होतं. मावशीने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्हीदा खोकल्याने तिला गाठलं. मग उशीला टेकून ती म्हणाली, की माझ्यात तेवढा श्वास नाही गं, मी खालून जाते. आणि खालून गेली. तिने त्या जागी एक लहानसं वळण घेतलं, दम न लागता पार होणारं, आणि चौथ्या ओळीला येऊन मिळाली.

ते आईचं नव्हतं. पण कुठे टोचतही नव्हतं. बारकीने खालून धरलेला दुसरा त्याखाली चपखल जाऊन बसला. कितीतरी दिवसांनी तिच्या सुराच्या वर कोणीतरी होतं. ती रडायला लागली तर मावशीने तिला झापलं, की शिवण आत्ताच घातली आहे, भिजवू नकोस.

पानं गळू लागली त्या सुमाराला मावशी गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्याने वरचा सूर होत नव्हता, तेव्हा तिने बारकीला आज्ञाच केली, की तू वरचं घे, मी अस्तर धरते. बारकीला फार जड गेलं. 'ते तुझं नाही' कानात वाजायचं. तरी मावशीसाठी तिने जीभ वळवली, चुकली, पुन्हा वळवली. मावशी खालून दुसरा कुजबुजायची, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. कोणाच्या हाती देतेय ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि बारकीने विचारलं नाही. पण त्या शेवटच्या दिवशी सकाळी चादर बदलायला आलेल्या नर्सला मावशी म्हणाली होती, की आजचा दिवस मी आत्ताच देऊन टाकला, संध्याकाळची वाट कोण बघणार. नर्सने ते बारकीला सांगितलं.

पुढच्या वसंतात डॉक्टरांनी बारकीच्या छातीचा फोटो उजेडाला धरून बघितला आणि घरी जा म्हणाले. नशीब म्हणा, कृपा म्हणा. बारकी कृपा म्हणते. बाबा न्यायला आले. ते किती वाळले होते हे पायऱ्यांवरून इतके दिवस कळलंच नव्हतं. घरी तोच भुसा, तीच बिनदाराची चौकट. इस्त्री फळीवर पुसून ठेवलेली. बाबांनी सूप केलं होतं आणि त्यात मीठ विसरले होते. दोघांनी ते तसंच संपवलं.

दिवे लागले तसे बाबांनी रंधा ठेवला, हात पुसले आणि टेबलाशी येऊन बसले. सुरुवात करायची ती आईने. खर्ज मागून यायचा. ते वाट बघत बसले. रोज एकटे म्हणतानाही ते त्या जागेपुरते असेच थांबत असतील, हे बारकीच्या लक्षात आलं. तिने मन घट्ट केलं आणि वरचा आवाज घेतला.

बाबांनी चमकून वर बघितलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, ते आले नाहीत. तिसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटले आणि बारकी खालून गेली. कडवं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. ते आता 'ते तुझं नाही' म्हणणार, म्हणून बारकीचा जीव टांगणीला लागला. आयुष्यात डॉक्टरांच्या कौलाची तिने एवढी धास्ती घेतली नव्हती. वडिलांनी हे नाकारलं असतं तर आई दुसऱ्यांदा गेली असती, आणि तिच्याबरोबर मावशीही.

"तिसऱ्या ओळीत ती वर जायची," बाबा म्हणाले.

"मावशींना तेवढा श्वास नव्हता, बाबा."

कोण मावशी, ते त्यांनी विचारलं आणि बारकीने सगळं सांगितलं. अस्तराचं, कापडाचं, उसवण्याचं, चादर बदलायच्या सकाळचं. बाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत ऐकत होते, जोड तपासताना फिरवायचे तसा.  मग म्हणाले, "पुन्हा घे."

तिने पुन्हा घेतलं, आणि खर्ज आला. थकलेला, चिरका, पण जागच्या जागी. मावशीच्या त्या वळणाशी तो क्षणभर अडखळला, एक सूर बदलून बघितला आणि पुढे गेला. पहिलं कडवं दोघांनी पार केलं.

"तिसरा दादाचा, त्याची जागा आहेच. पण दुसरा राहिला," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कारागिराचं लक्ष होतं. "तू वर गेलीस, मग दुसरा कोण धरणार?"

बारकी म्हणाली की मावशींना येत होता, शेवटी तोच त्या म्हणत होत्या.

"मग त्या धरतील," बाबा म्हणाले. "जागा सोडून गा म्हणजे झालं. त्यांना शिरता आलं पाहिजे."

"आणि आई?"

बाबांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं नाही, खिडकीकडेही नाही. ते बारकीकडेच बघत होते. "तिने जन्मभर पहिला आवाज धरला," ते म्हणाले. "खालून आपण काय केलंय, ते तिला कधी धड ऐकायला मिळालंच नाही. आता तिला बसून ऐकू दे."

मग त्यांनी घसा साफ केला, आणि दुसऱ्या कडव्याला बारकीने सुरुवात केली.